चिमटा

आकुरेरीच्या इस्पितळात डॉक्टर एइदीसनं
कागदावर एक रेघ काढली, चढती.
आठ, चौदा, एकतीस.
"हाडांत अजून काही दिसत नाही," ती म्हणाली,
"म्हणजे घाई नाही.
पण थांबू नये असंही म्हणणारे आहेत."
मी विचारलं, तू कुठल्या बाजूची?
ती पेनाचं टोपण लावत-काढत बसली.
माझ्या धाकटीच्या वर्गात होती ही.
हिच्या बापाला मी दोन मेंढे विकलेत.

सुई पोटात, दर तीन महिन्यांनी.
मग काय होईल ते तिनं नीट सांगितलं,
खिडकीबाहेर न बघता, एवढं तिचं कौतुक.
अंगातून वाफा निघतील, रात्री जास्त.
हाडं विरळ होतील, दंड उतरतील,
छाती हुळहुळेल,
डोळ्यांत उगाच पाणी येईल.
आणि ते दुसरं.
"इच्छा जाईल," ती म्हणाली.
म्हणजे जमणार नाही असं नाही,
जमावंसंच वाटणार नाही.

तिचा शब्द लांबलचक होता, धुतलेला.
गोठ्यात आम्ही दोन अक्षरांत उरकतो:
खस्सी.

चाळीस वर्षं मी ते केलंय.
चिमटा डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा,
आत काहीतरी तुटल्याचा बारीक आवाज,
ओलं गाजर मोडावं तसा.
कोकरू क्षणभर उभं राहतं पाय फाकवून,
काय विसरलो ते आठवत असल्यासारखं.
मग गवताला तोंड लावतं.
मी कधी कुणाला विचारलं नाही.

फ्लेकुरलाही नाही.
काळा-पांढरा, उंच पायांचा, कळपाचा पुढारी.
एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात माळावर वादळ आलं,
माझाच हात मला दिसेना.
बासष्ट मेंढ्या, आणि मी त्रेसष्टावा.
फ्लेकुरनं वाऱ्यात नाक धरलं,
थोडा थांबला,
आणि मी ज्या दिशेला घर समजत होतो
तिकडे पाठ करून चालू लागला.
सहा तास मी त्याच्या घंटेमागे चाललो.
अंगात रग असलेले मेंढे त्या दिवशी
खाली कुंपणाला टकरा देत होते.

यावरून काही सिद्ध होत नाही.
मेंढराची गोष्ट मेंढराची.
वाट त्याला ठाऊक होती ती चिमट्यामुळे,
की चिमटा लागूनही?
हे रात्री तीन वाजता विचारायचे प्रश्न,
आणि मी ते तीन वाजताच विचारतो.

स्टाइनव्होर जागी असते.
आमच्यात तसं फार उरलंय असं नाही,
वर्षातून दोनदा, तेही हसत हसत,
गुडघे सांभाळत.
पण दार लोटलेलं असणं निराळं
आणि दाराच्या जागी भिंत असणं निराळं.
हे मी तिला सांगितलं, छताकडे बघत.
ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,
"झोपताना तू माझ्या उशीखाली हात घालतोस,
तो घालशील की नाही?"
मी म्हटलं, डॉक्टर त्याबद्दल काही बोलली नाही.
"मग विचार," ती म्हणाली,
आणि कूस बदलली.

सकाळी वाणसामानाच्या यादीत
कॉफी आणि बॅटरीच्या खाली
तिच्या अक्षरात लिहिलेलं:
हात. विचारणे.

पुढच्या आठवड्यात मेंढ्या डोंगरावरून उतरतील.
तोवर काही नाही, असं मी फोनवर कळवलंय.
मंगळवारी ये, एइदीस म्हणाली,
येऊन नाही म्हणालास तरी चालेल.

आज गोठ्यातला चिमटा खिळ्यावरून काढला.
तेल दिलं, पुसला,
दोनदा हवेत मिटून पाहिला.
खिळा तिथंच आहे, रिकामा.
हातातलं हे कुठं ठेवावं
ते सुचत नाही.